'आई'मध्ये घोडा कशाला? चिनी लिहायला शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. या लेखात एकही चिनी अक्षर छापलेलं नाही. मी आकार शब्दांत सांगणार, तुम्ही तो काढून बघायचा. नुसतं वाचून यातलं काही हाताला लागत नाही. लेकीच्या पहिलीत वर्षभर मी नुसतं वाचतच होतो, म्हणून सांगतो.

आम्ही सिंगापूरला राहतो. इथे शाळेत इंग्रजीबरोबर एक 'मातृभाषा' घ्यावी लागते: चिनी, मलय किंवा तमिळ. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दूचीही सोय आहे. मराठीची नाही. त्यामुळे बरीच मराठी घरं हिंदी घेतात. आमच्या लेकीला बालवाडीतल्या मैत्रिणींबरोबर चिनी हवी होती, आणि आम्ही हो म्हणून बसलो. घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता ती चौथीत आहे, धाकटा पहिलीत. मी गोदीत काम करतो, भाषेचा मास्तर नाही. पण माझे वडील सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मी शाळा सुटल्यावर त्यांचे ब्रश धुवायचो. चिनी अक्षरं समजायला मला पुस्तकांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

चित्रांच्या नादी लागू नका

चिनी लिपी म्हणजे चित्रलिपी, असं सगळे सांगतात. मीही तसंच समजून चित्रांची कार्डं आणली. डोंगराची तीन शिखरं, सूर्याचा चौकोन, झाडाचं खोड आणि फांद्या. पहिले पंधरा दिवस घरात आनंदीआनंद. मग 'धन्यवाद' हा शब्द आला. त्याच्या एका अक्षरात बारा रेघा, आणि चित्र कशाचंच नाही. लेक रडायला लागली आणि मी गप्प.

उगम चित्रांचा आहे, हे खरंच. 1899 साली ज्यांची ओळख पटली आणि मग चीनमधल्या आनयांगजवळ जी ढिगाने सापडली, त्या कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कोरलेली तीनेक हजार वर्षांपूर्वीची अक्षरं बघितली, तर त्यात घोड्याची आयाळही दिसते. पण चित्र काढून जग लिहिता येत नाही. 'उद्या', 'कदाचित', 'लाज' यांचं चित्र कसं काढणार? चिन्यांचा याच्यावर एक जुना विनोद आहे. श्रीमंताच्या पोराला गुरुजी पहिल्या दिवशी 'एक' शिकवतात: एक आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी 'दोन': दोन रेघा. तिसऱ्या दिवशी 'तीन': तीन. पोरगं म्हणतं, कळलं सगळं, गुरुजींना घरी पाठवा. मग बाप सांगतो, वान नावाच्या पाहुण्यांना आमंत्रण लिही. दुपार होते तरी पोरगं खोलीतून बाहेर येत नाही. 'वान' म्हणजे दहा हजार, आणि त्याच्या जेमतेम पाचशे रेघा ओढून झालेल्या असतात!

तुमच्या मुलाला हा विनोद जरूर सांगा, कारण 'चार'ला चार रेघा नसतात हे त्यालाही पहिल्याच आठवड्यात भेटणार आहे.

रेघ कशी ओढायची

वडील पाटीवर आधी सूत ताणून रेघ मारत, मग अक्षर. उभा दंड कधी, पोट कधी, शिरोरेघ कधी, हे ठरलेलं असे. मी एकदा शिरोरेघ आधी ओढली तर म्हणाले, "छपराखाली भिंती बांधतोस काय?" चिनीत नेमका हाच काटेकोरपणा प्रत्येक अक्षराला आहे. मूळ रेघा मोजक्या: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरत जाड होणारी, ठिपका, वर जाणारी छोटी रेघ. शिवाय काही रेघांना शेवटी आकडा असतो आणि काही मध्येच वळतात. मुलांना शाळेत त्यांची नावंही शिकवतात: हंग, शू, फिए, ना, तिएन. घरी तुम्हीही तीच नावं वापरा. "ती तिरकी रेघ" म्हटलं की कुठली तिरकी यावरून भांडण होतं.

आता एक चौकोन काढा. काढलात? बहुतेक एका झटक्यात, पेन्सिल न उचलता काढला असेल. चिनीत चौकोन म्हणजे 'तोंड', आणि त्याच्या रेघा तीन, ना एक ना चार. आधी डावी उभी. मग वरची आडवी, ती न उचलता उजवीकडून खाली. शेवटी तळाची. वळण आलं तरी पेन्सिल उचलली नाही तर रेघ एकच. रेघा मोजायचा हा नियम एकदा डोक्यात बसला की पोराच्या वहीतल्या अर्ध्या लाल खुणांचा उलगडा होतो.

क्रमाचे नियम असे: वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी ('दहा' म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह, तिथे करून बघा). डावी उतरणारी आधी, उजवी मग ('माणूस' हा दोन पायांचा तंबू). मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना सारखं काही असेल तर मधलं आधी ('लहान' हे अक्षर). आणि पेटीसारखं बंद अक्षर असेल तर तळाची रेघ सगळ्यात शेवटी. 'देश' हे अक्षर तसं आहे. शिक्षक मुलांना सांगतात: आधी घरात जा, मग दार लाव.

क्रमाने काय फरक पडतो, शेवटी अक्षर तेच दिसतं ना, असं मलाही वाटायचं. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, मोठी माणसं भरभर लिहितात तेव्हा रेघा एकमेकींत मिसळतात, आणि त्या क्रमानेच मिसळतात. क्रम माहीत नसेल तर दुसऱ्याच्या हातची चिठ्ठी वाचता येत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: ही अक्षरं डोळ्यापेक्षा हाताला जास्त पाठ होतात. लेकीला एखादं अक्षर आठवत नसलं की ती डोळे मिटून हवेत बोट फिरवते आणि बोट पुढचं सांगतं. वर्गातही हवेत लिहायचा सराव घेतात. दर वेळी वेगळा क्रम असेल तर हाताने लक्षात काय ठेवायचं?

जागा

चिनी वहीत रेघा नसतात, चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनात अधिकच्या चिन्हासारख्या दोन फिक्या रेघा. असा चौकोन म्हणजे 'शेत' हे अक्षरच, म्हणून त्याला शेताच्या अक्षराची चौकट म्हणतात. अक्षरात तीन रेघा असोत की वीस, जागा तेवढीच. इथे मुलं फसतात. 'झाड' काढा: आडवी, उभी, मग मधून निघणाऱ्या दोन तिरक्या. आता दोन झाडं शेजारी काढा, 'राई' झाली. (तीन झाडं, एक वर आणि दोन खाली, की जंगल.) पण राईत डावं झाड अंग चोरून उभं राहतं. त्याची उजवी लांब तिरकी आखडून ठिपक्यासारखी होते, म्हणजे उजव्या झाडाला जागा मिळते. लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखं. डावीकडचा भाग असा अरुंद करायचा असतो एवढं एकच सांगितलं आणि लेकीचं अक्षर महिन्याभरात सुधारलं. त्याआधी तिची डावी झाडं ऐसपैस आणि उजवी चौकटीबाहेर.

आता तो घोडा

हा भाग नीट समजून घ्या. बाकीचं विसरलात तरी चालेल.

चिनीत बाराखडी नाही. आपण 'क'ला काना-वेलांटी लावून आवाज बदलतो, तशी सोय तिथे नाही. बहुतेक वेळा एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि त्याबरोबर एक अर्थ. मग हजारो अक्षरं पाठ कशी होतात? ती हजारो वेगवेगळी नसतात, म्हणून. ठरावीक भाग पुन्हा पुन्हा जोडलेले असतात.

काही जोड अर्थाचे आहेत. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की 'उजेड'. छपराखाली डुक्कर म्हणजे 'घर' (पोरांना हे फार आवडतं). पण असे जोड थोडे. ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं वेगळ्या युक्तीची आहेत: एक भाग साधारण अर्थ सांगतो, दुसरा साधारण उच्चार.

'आई'चं अक्षर घ्या. उच्चार 'मा'. डावीकडे 'बाई', उजवीकडे 'घोडा'. लेकीने मला विचारलं, आईत घोडा का? मी काहीतरी थाप मारली, आई घोड्यासारखी राबते वगैरे. बायकोने ऐकलं. विषय वाढला. खरं उत्तर साधं होतं: घोड्याला चिनीत 'मा' म्हणतात, सूर (म्हणजे आवाजाचा चढ-उतार) तेवढा वेगळा. घोडा तिथे फक्त आवाजापुरता उभा आहे. बाई सांगते 'मी बाईबद्दल आहे', घोडा सांगतो 'मला मा म्हणा'.

आणखी एक कुटुंब देतो, कारण ते जमलं की मुलाचा चेहरा बदलतो. 'छिंग' असा उच्चार असलेलं एक अक्षर आहे, अर्थ निळा-हिरवा. ते उजवीकडे तसंच ठेवा आणि डावा भाग बदलत जा. पाण्याचे तीन थेंब लावले की 'स्वच्छ, नितळ'. बोलण्याची खूण लावली की 'विनंती, कृपया'. हृदयाची खूण, म्हणजे उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन ठिपके, लावली की 'भावना'. सूर्य लावला की 'निरभ्र'. डोळा लावला की डोळ्याच्या शब्दातलं एक अक्षर. चारांचा उच्चार छिंग, सूर सगळ्यांचा एक नाही, आणि पाचव्याचा चिंग. पाच अक्षरांच्या पन्नासेक रेघा पाठ करण्याऐवजी एक छिंग आणि पाच डावे भाग. त्यातले डावे भाग मुलाला शेकडो वेळा परत भेटणार आहेत.

ही विभागणी काही आजची नाही. इसवी सन 100च्या सुमारास शू शन नावाच्या पंडिताने 9,353 अक्षरं 540 गटांत लावली. 1716च्या खांगशी कोशात असे गट 214 आहेत. कागदी कोशात अजूनही भाग बघून, मग उरलेल्या रेघा मोजून अक्षर शोधता येतं.

एक सावधगिरी: उच्चाराचा भाग दोन हजार वर्षांत बराच सरकलेला आहे. 'नदी'च्या एका अक्षरात थेंबांशेजारी 'कुंग' आहे, पण आज उच्चार होतो चिआंग. तेव्हा याला नियम समजू नका. ओळखीच्या माणसाचा चेहरा लांबून दिसल्यावर करतो तेवढाच अंदाज.

हे भाग चिनी माणसांच्या बोलण्यातही आहेत, हे मला टॅक्सीत कळलं. चालक काकांना आडनाव विचारलं तर म्हणाले, "श्वांग मू लिन." दोन झाडांचा लिन. म्हणजे वरची राई! ली आडनावाचे लोक सांगतात 'झाड-मूल ली', कारण अक्षरात वर झाड आणि खाली मूल. चांग सांगतात 'धनुष्य-लांब चांग'. आपण 'कुळकर्णी, ऱ्हस्व की दीर्घ' सांगतो तसंच. आणि लेकीच्या वर्गातला लिम हाही तोच दोन झाडांचा: होक्कियन बोलीत लिम, कँटोनीजमध्ये लाम. आवाज तीन, अक्षर एक.

तेव्हा घरी अक्षर वाचायचं ते भाग मोठ्याने म्हणत. "डावीकडे थेंब, उजवीकडे छिंग." चिनी येत नसलं तरी तुम्हाला हे जमतं, मराठीतही चालतं.

आवाजासाठी आपल्याकडे सोनं आहे

मुलांना उच्चार रोमन लिपीत शिकवतात. त्या पद्धतीला फिनयिन म्हणतात. ती चीनने 1958 साली स्वीकारली. तिच्यामागचे प्रमुख चौ योउक्वांग मुळात अर्थशास्त्राचे, आणि जगले 111 वर्षं. ही टेकू आहे, लिपी नव्हे.

यात मराठी घराला एक फायदा आहे. फिनयिनमधला बी म्हणजे आपला 'ब' नाही, तो 'प'. पी म्हणजे 'फ', पण ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला, ऑफिसातला नव्हे. डी आणि टी म्हणजे 'त' आणि 'थ'च्या जवळचे, जी आणि के म्हणजे 'क' आणि 'ख'. प-फ, त-थ, क-ख या जोड्या आपल्या मुलाच्या जिभेवर जन्मापासून आहेत. त्याहून गंमत म्हणजे 'च'. चहातला च आणि चाकातला च आपण वेगळे म्हणतो, लिहितो सारखे. फिनयिनचा जे म्हणजे चहातला, झेड म्हणजे चाकातला. लेकीच्या वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना झेड आठवडाभर छळत होता. तिला मी म्हटलं, 'चाळ' म्हण. झालं.

(चहा हा शब्दही मुळात तिकडचाच, छा. हे मुलाला चहा पिता पिता सांगा.)

सूर चार, शिवाय एक हलका. ते शिक्षकांकडून आणि ध्वनिमुद्रणावरूनच शिकू दे, आईबाबांनी शिकवायला जाऊ नये. माझा चौथा सूर ऐकून आमच्या शेजारच्या आजी अजून हसतात.

पण देवनागरीचा हा फायदा मी हावरटासारखा वापरला. लेकीच्या धड्यात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारीक देवनागरी लिहून दिली. ती घडाघडा वाचायला लागली, मी खूश. महिन्याने शाळेतून निरोप आला की तिला अक्षरं ओळखता येत नाहीत. येणार कुठून? ती देवनागरी वाचत होती. दीड तास बसून मी सगळं खोडलं. उच्चार लिहायचाच तर वेगळ्या कागदावर किंवा पानाच्या मागे लिहा. डोळ्यासमोर ओळखीची लिपी असली की डोळा अनोळखी लिपीकडे बघतच नाही.

थिंगशिएची तयारी

थिंगशिए म्हणजे श्रुतलेखन, शब्दशः 'ऐक-लिही'. आमच्याकडे ते दर आठवड्याला असतं आणि आदल्या रात्री घरोघरी वातावरण तंग असतं. आम्ही आता असं करतो. यादी आली की पहिल्या दिवशी लिहायचं नाहीच. प्रत्येक अक्षर फोडायचं, जुने भाग कुठले आणि नवीन कुठला ते शोधायचं. बहुतेक वेळा दहा शब्दांत खरे नवीन भाग दोन-तीनच निघतात. पुढचे दिवस रोज चार शब्द, प्रत्येक तीनदा, त्यातलं तिसऱ्यांदा पान झाकून. वीस-वीस वेळा लिहून घेऊ नका: पोरं आधी सगळ्या आडव्या ओढतात, मग सगळ्या उभ्या, कारखान्यासारखं. मी रंगेहाथ पकडलंय. शेवटच्या दिवशी धाकटा माझ्या पाठीवर बोटाने लिहितो आणि मी ओळखतो. मला ओळखता आलं नाही तर बहुधा त्याचा क्रम चुकलेला असतो, किंवा मला ते अक्षर येत नसतं.

जुळी अक्षरं एकत्र ठेवून शिकवा. 'मोठा' या अक्षराच्या पायात ठिपका दिला की 'फारच', खांद्यावर दिला की 'कुत्रा', डोक्यावर आडवी रेघ दिली की 'आकाश'. झाडाला वर आणखी एक आडवी दिली, तर ती खालच्यापेक्षा आखूड की लांब यावर अर्थ ठरतो: आखूड असेल तर 'अजून नाही', लांब असेल तर 'शेवट'. ठिपका विसरल्याबद्दल ओरडण्याआधी आपण अनुस्वार किती खातो ते आठवा.

आणि सगळंच लिहिता आलं पाहिजे, हा हट्ट सोडा. धड्यातच काही अक्षरं नुसती ओळखायची असतात, काही लिहायची. ती यादी शिक्षकांकडून मागून घ्या. चिनी मोठी माणसंही लिहिता लिहिता अडतात. 'पेन उचललं आणि अक्षर विसरलं' असा चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे त्यांच्याकडे. सगळा दिवस फोनवर फिनयिन टाइप केल्यावर होणारच.

वाचताना एक अडचण येते: शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. अक्षरं एकसारखी ओळीने उभी, आणि बरेच शब्द दोन अक्षरांचे. मुलाच्या बोटाला शब्द शोधू द्या, पेन्सिलीने खाली कंस काढू द्या. जोडशब्द मात्र मजेदार आहेत. वीज-मेंदू म्हणजे संगणक. हात-यंत्र म्हणजे मोबाइल. आग-डोंगर म्हणजे ज्वालामुखी. आग-गाडी म्हणजे काय, हे मी लेकीला विचारलं तेव्हा ती विचार करत बसली, आणि माझी आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर पटकन म्हणाली, "आगगाडीच की!"

जुन्या लिपीचा प्रश्न येईल. सिंगापूरने सोपी केलेली अक्षरं 1969पासून आणली आणि 1976मध्ये ती चीनशी जुळवून घेतली. तैवान-हाँगकाँगला जुनी अक्षरं आहेत. घोडा जुन्यात दहा रेघांचा, नव्यात तीन. सोपं करताना थोडी गंमत गेली: जुन्या 'ऐकणे'मध्ये कान होता, नव्यात तोंड आहे. शाळेत जी आहे तीच शिकवा, दोन्ही नकोत. पण चायनाटाउनमधल्या जुन्या दुकानांच्या पाट्या दाखवायला मुलांना जरूर न्या. तिथे जुनी अक्षरं असतात आणि काही पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. आम्ही गेलो तेव्हा मुलं भाग ओळखत होती आणि मी रंगाचा थर बघत होतो.

धाकट्याची थिंगशिए परवा आहे, आणि यादीत 'आई' आहे. काल त्याने घोडा डावीकडे काढला आणि बाई उजवीकडे. चूकच. पण भाग दोन्ही होते, घोड्याच्या रेघा बरोबर तीन होत्या. मी खोडरबर त्याच्याकडे सरकवला.